डॉक्टरांचं जुनं डिक्टेशन, नवा संगणक

१. हा प्रश्न आत्ताच का?

जुन्या संगणकावर बोललं की रिपोर्ट उमटायचा. नवा संगणक घेतला तर तेच सॉफ्टवेअर त्यावर चालेल का? दिवसभर एक्स-रे आणि एमआरआय वाचणारे रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजीची लॅब चालवणारे डॉक्टर, अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये स्वतःचं क्लिनिक सांभाळणारे मराठी डॉक्टर, सगळेच हे विचारतात. अलीकडे जरा जास्तच विचारतात, कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ला संगणकात सुरक्षेची एक विशिष्ट चिप लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. त्यामुळे अनेकांना यंत्रच बदलावं लागतं. यंत्र बदलताना आठवतं, की डिक्टेशनचं सॉफ्टवेअर दहा-बारा वर्षांपूर्वीचं आहे.

सरळ नवं का घेत नाहीत? नवी वैद्यकीय डिक्टेशन सॉफ्टवेअर बहुतेक वर्गणीवर मिळतात, जुनं एकदाच पैसे मोजून घेतलेलं असतं. शिवाय डॉक्टरांना वाटतं, की वर्षानुवर्षं बोलून बोलून आपण त्याला तयार केलंय आणि ती मेहनत वाया जाईल. या दुसऱ्या कारणाकडे नीट पाहायला हवं. मेहनतीचा एक भाग खरोखर जपण्यासारखा आहे आणि दुसरा खुशाल सोडून द्यावा असा आहे. कोणता कोणता, हे कळलं की निम्मा प्रश्न सुटतो.

उदाहरण म्हणून ड्रॅगन घेऊ, कारण वैद्यकीय डिक्टेशनमध्ये हे नाव सर्वांत जास्त रुळलेलं आहे. जेम्स आणि जॅनेट बेकर या दांपत्याने १९८२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये ड्रॅगन सिस्टिम्स ही कंपनी काढली. १९९० साली आलेल्या त्यांच्या ड्रॅगनडिक्टेटची किंमत ९,००० डॉलर होती आणि प्रत्येक शब्दानंतर थांबून बोलावं लागे. १९९७ साली नॅचरलीस्पीकिंग आलं आणि सलग बोलण्याची सोय झाली. वैद्यकीय शब्दसंग्रह असलेली ड्रॅगन मेडिकलची आवृत्ती याच घराण्यातली. पुढे कंपनीची मालकी फिरत राहिली: २००० साली बेल्जियमच्या लर्नआउट अँड हाउस्पीने ती घेतली, ती कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर स्कॅनसॉफ्टकडे आली, स्कॅनसॉफ्टने २००५ साली न्युअन्स हे नाव घेतलं आणि २०२२ साली न्युअन्स मायक्रोसॉफ्टच्या मालकीची झाली. मालकीची ही फिरती पुढे अॅक्टिव्हेशनच्या वेळी आड येते, म्हणून ती इथे सांगितली.

२. बोललेलं ऐकून सॉफ्टवेअर करतं काय?

मायक्रोफोन हवेतली थरथर विजेत बदलतो आणि संगणक त्या विजेची मोजणी करतो. बोलणं ओळखण्यासाठी सर्वसाधारणपणे सेकंदाला १६,००० वेळा मोजणी होते. या आकड्यांवरून ‘हा आवाज ‘प’चा की ‘ब’चा’ हे ठरवणाऱ्या भागाला ध्वनीचं प्रारूप म्हणू. त्याला फक्त आवाज कळतात, अर्थ कळत नाही.

अर्थाच्या जवळ जाण्यासाठी दुसरा भाग लागतो, भाषेचं प्रारूप. कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याची शक्यता किती, याचा हिशेब त्याच्याकडे असतो. इलियम हा शब्द घ्या. लहान आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे इलियम आणि कमरेच्या हाडाचा वरचा पसरट भागही इलियमच. उच्चार तंतोतंत एक, पण इंग्रजीत लिहिताना मधलं एक अक्षर बदलतं. कान कितीही तयार असला तरी नुसत्या ऐकण्याने फरक कळणार नाही. आधी ‘टर्मिनल’ शब्द आला असेल तर आतडं, जवळपास ‘फ्रॅक्चर’ असेल तर हाड. भाषेचं प्रारूप हे ठरवतं, आणि म्हणूनच साध्या पत्रव्यवहारासाठी बनवलेलं डिक्टेशन दवाखान्यात कमी पडतं. त्याने असली वाक्यंच फारशी पाहिलेली नसतात.

तिसरा भाग तुमचा स्वतःचा, ज्याला यूजर प्रोफाइल म्हणतात. त्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र नांदतात. एक, तुमच्या आवाजाशी ध्वनीच्या प्रारूपाने करून घेतलेली जुळणी. जुन्या ड्रॅगनमध्ये सुरुवातीलाच उच्चाराची ढब निवडावी लागे, त्यात भारतीय इंग्रजीही असे. मग एक उतारा मोठ्याने वाचून दाखवायचा आणि पुढे प्रत्येक दुरुस्तीतून ही जुळणी घट्ट होत जायची. दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही स्वतः भरलेला माल: स्थानिक औषधांची नावं, पाठवणाऱ्या डॉक्टरांची आडनावं, आणि ‘नॉर्मल चेस्ट’ म्हटलं की अख्खा परिच्छेद टाकणारे तयार मजकूर, ज्यांना ऑटोटेक्स्ट म्हणतात.

डॉक्टरांना पहिली गोष्ट जास्त मोलाची वाटते. माझं मत उलट आहे. आवाजाची जुळणी ही त्या माणसाची, त्या मायक्रोफोनची आणि त्या आवृत्तीची असते. नुसता मायक्रोफोन बदलला तरी ती ढासळते. शिवाय गेल्या दशकात बोलणं ओळखण्याचं तंत्र न्यूरल नेटवर्कवर गेलं आणि नव्या सॉफ्टवेअरला उतारा वाचून दाखवावा लागत नाही. शब्दांची यादी आणि ऑटोटेक्स्ट मात्र कुठलीही कंपनी तुम्हाला देणार नाही, कारण ती तुमच्या शहरातली, तुमच्या टेबलावरची माहिती आहे. जपायचं ते हे.

३. बिट म्हणजे काय, आणि ते का नडतात?

संगणक स्मरणातल्या प्रत्येक जागेला क्रमांक देतो. द्विमानातला एक अंक म्हणजे एक बिट. क्रमांक १६ अंकी द्विमानात लिहायचा तर ६५,५३६ जागा होतात. ३२ अंकी लिहायचा तर ४२९ कोटींहून थोड्या जास्त, म्हणजे साधारण ४ गिगाबाइट. ६४ बिटला व्यवहारात मर्यादाच उरत नाही. १९९०च्या दशकातली अनेक सॉफ्टवेअर १६ बिटची, ड्रॅगन मेडिकलच्या दवाखान्यांत रुळलेल्या आवृत्त्या ३२ बिटच्या, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये मिळतं.

६४ बिट विंडोज ३२ बिटची सॉफ्टवेअर चालवतं, १६ बिटची चालवत नाही. नियम इतकाच, पण त्याला एक पाचर आहे. जुन्या काळात सॉफ्टवेअर ३२ बिटचं, पण सीडीवरची बसवून देणारी सेटअप फाइल मात्र १६ बिटची, असं कधी कधी असे. मग मूळ सॉफ्टवेअर चालण्यासारखं असूनही सेटअप पहिल्याच पायरीवर ‘हे या संगणकावर चालणार नाही’ म्हणून थांबतं. याउलट खुद्द ड्रॅगन १०ची पहिली आवृत्ती ६४ बिट विंडोजवर बसतच नसे, ती सोय १०.१मध्ये आली. म्हणून सीडीवरचं नुसतं ‘१०’ वाचून निष्कर्ष काढू नये, दशांशचिन्हापुढचा आकडाही पाहावा.

३२ बिटचं सॉफ्टवेअर ६४ बिटवर चालतं कसं? १ एप्रिल १९५७ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. घरातली आजी हिशेब आण्यांतच करायची. नातू शेजारी उभा राहून आजीचे ‘चार आणे’ दुकानदाराला ‘पंचवीस पैसे’ म्हणून सांगायचा आणि दुकानदाराचे पैसे आजीला आण्यांत सांगायचा. आजीला बदलायची गरज नव्हती, दुकानदारालाही नाही. विंडोजमध्ये असा नातू कायम उभा असतो. म्हणूनच नव्या संगणकात प्रोग्राम फाइल्सचे दोन फोल्डर दिसतात, त्यांतला शेवटी ८६ लिहिलेला ३२ बिटवाल्यांसाठी.

४. कंपॅटिबिलिटी मोड खरोखर काय करतो?

सॉफ्टवेअरच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की कंपॅटिबिलिटी नावाचा टॅब दिसतो. तिथे ‘विंडोज ७’ निवडलं की संगणक जणू विंडोज ७ होतो, असा समज आहे. तसं होत नाही. विंडोज त्या एकाच सॉफ्टवेअरच्या काही ठरावीक प्रश्नांना जुनी उत्तरं देतं.

सर्वांत नेहमीचा प्रश्न आवृत्तीचा. पुष्कळ सॉफ्टवेअर सुरू होताना विचारतात, ‘तू कोण?’ उत्तर अपेक्षेबाहेरचं आलं की बंद होतात, भले पुढचं सगळं चालणार असलं तरी. या सवयीला मायक्रोसॉफ्ट इतकं जपून वागलं, की विंडोज ७चा आतला क्रमांक ७ नव्हे, ६.१ ठेवला, कारण त्याआधीच्या विंडोज व्हिस्टाचा ६.० होता आणि पहिला आकडा बदलला की जुनी सॉफ्टवेअर बिथरत. विंडोज ११चा आतला क्रमांकही १०.०नेच सुरू होतो. अडचण एवढीच असेल तर कंपॅटिबिलिटी मोडने काम भागतं.

दुसरी अडचण परवानगीची. विंडोज एक्सपीच्या काळात सॉफ्टवेअर आपल्या फाइली बिनदिक्कत प्रोग्राम फाइल्समध्ये लिहीत. २००७च्या व्हिस्टापासून तिथे लिहायला मनाई झाली. जुनी सॉफ्टवेअर कोसळू नयेत म्हणून विंडोज त्यांचं लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये वळवतं. सॉफ्टवेअरला वाटतं, फाइल जागेवर गेली. परिणाम असा, की एका लॉगिनमध्ये केलेली सेटिंग दुसऱ्या लॉगिनमध्ये दिसत नाहीत आणि फोल्डरचा बॅकअप घेणाऱ्याच्या हाती जुनीच फाइल लागते. मजकूर हरवला असं वाटलं तर आधी तिथे शोधावं. ड्रॅगनची प्रोफाइल मात्र व्हिस्टापासून प्रोग्रामडेटा या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात, लपवलेले फोल्डर दाखवण्याची सोय चालू केल्याशिवाय ती सापडत नाहीत.

कधी जुन्या सॉफ्टवेअरला लागणारे आधारही गायब असतात. मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट ३.५ नव्या विंडोजमध्ये आपोआप चालू नसतं. विंडोज फीचर्सच्या यादीत जाऊन त्यावर खूण करावी लागते. एवढं केल्यावर सुरळीत झालेली सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत.

५. मायक्रोफोन आणि पायाचं पेडल

आजीचा हिशेब नातू सांगू शकतो, पण आजीने जुनी आणेली पुढे केली तर दुकानदाराच्या गल्ल्यात ती चालत नाही. ड्रायव्हरचं असंच आहे. यंत्राशी बोलणारा हा छोटा प्रोग्राम विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतो, तिथे मध्यस्थ उभा राहत नाही. ६४ बिट विंडोजला ६४ बिटचाच आणि अधिकृत डिजिटल सही असलेलाच ड्रायव्हर लागतो. कंपॅटिबिलिटी मोड इथे निरुपयोगी आहे, त्यात वेळ घालवू नये.

याचा पहिला फटका पायाच्या पेडलला बसतो. ध्वनिमुद्रण ऐकून टाइप करणारे लोक पायाने आवाज थांबवतात, मागे घेतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांचं डिक्टेशन रात्रीतून टाइप करून पाठवण्याचं काम १९९०च्या दशकापासून भारतात येऊ लागलं. मुंबई-पुण्यातही मेडिकल ट्रान्सक्रिप्शनच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. तिथल्या टेबलाखाली ही पेडलं असत. त्यांतली जुनी सीरियल पोर्टवर किंवा गेम पोर्टवर चालत. गेम पोर्टचा आधार विंडोजने व्हिस्टापासूनच काढून टाकला. असं पेडल जपून ठेवण्यात अर्थ नाही, यूएसबीचं घ्यावं.

हातात धरायच्या डिक्टेशन मायक्रोफोनचं चित्र जरा निराळं आहे, आणि लोक इथेच गोंधळतात. यूएसबी मायक्रोफोनचा आवाज बहुधा विंडोजच्या स्वतःच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालतो. पण त्यावरची बटणं, म्हणजे रेकॉर्ड, मागे, पुढे, ही त्या कंपनीच्या खास ड्रायव्हरवर चालतात. त्यामुळे आवाज उत्तम येतो आणि बटणं मुकी राहतात. मायक्रोफोन बिघडला समजून फेकण्याआधी कंपनीचा नवा ड्रायव्हर मिळतो का, हे पाहावं.

आवाजच येत नसेल तर आणखी एक जागा आहे. विंडोज १०च्या नंतरच्या आवृत्त्यांपासून सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली मायक्रोफोनची परवानगी आली. डेस्कटॉप सॉफ्टवेअरसाठी तिथे वेगळा खटका आहे. जुनं सॉफ्टवेअर परवानगी मागायला शिकलेलंच नाही. त्यामुळे खटका बंद असला तर ते काही विचारत नाही, त्याला नुसती शांतता ऐकू येते.

६. शब्द उमटतात कुठे?

सॉफ्टवेअर बसलं, आवाज आला, तरी शब्द जिथे हवेत तिथे उमटत नाहीत, ही तक्रार सर्वांत जास्त येते. तिचं मूळ समजून घेणं अगत्याचं आहे, कारण ते डिक्टेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये नसून समोरच्या खिडकीत असतं.

बोलून लिहिणं म्हणजे नुसतं टाइप करणं नव्हे. ‘मागच्या ओळीतला लेफ्ट निवड’ असं म्हटल्यावर तो शब्द निवडायचा, तर खिडकीत आधी काय लिहिलंय हे सॉफ्टवेअरला वाचता यायला हवं. विंडोजच्या साध्या मजकूर-चौकटीत ड्रॅगनला ते वाचता येतं. वर्डमध्ये ते एका जोडभागाच्या मदतीने होतं. पण ३२ बिटचा जोडभाग ६४ बिटच्या ऑफिसमध्ये लोड होत नाही आणि आता ऑफिस आपोआप ६४ बिटचंच बसतं. जुन्या ड्रॅगनसोबत वर्ड हवंच असेल, तर ऑफिस बसवतानाच ३२ बिटचं निवडावं.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या रुग्णनोंदींची गोष्ट आणखी अवघड. इंटरनेट एक्सप्लोररचा काळ जून २०२२मध्ये संपला. क्रोमने जुन्या पद्धतीचे प्लगइन २०१५ सालीच बंद केले. जुनं डिक्टेशन ज्या दारातून आत जायचं, ती दारंच उरली नाहीत. अशा वेळी ड्रॅगनमधला डिक्टेशन बॉक्स कामी येतो. ही त्याची स्वतःची छोटी खिडकी, तिच्यात बोलायचं, दुरुस्त करायचं आणि मग सगळा मजकूर नोंदीत टाकायचा. एक पायरी वाढते, पण काम चोख होतं.

एक नमुना पाहू. डॉक्टर नोटपॅडमध्ये बोलतात, शब्द उमटतात. वर्डमध्येही उमटतात. रुग्णालयाच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र एक अक्षर पडत नाही. तपासल्यावर कळतं, की ते सॉफ्टवेअर ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडलंय. व्हिस्टापासून विंडोजचा नियम आहे, की कमी अधिकाराच्या सॉफ्टवेअरने जास्त अधिकाराच्या खिडकीत कळा दाबायच्या नाहीत. नियम व्हायरसला रोखण्यासाठी आहे, पण त्याच्या दृष्टीने ड्रॅगनही परकंच. उपाय म्हणजे दोन्ही एकाच अधिकाराने उघडायची. ड्रॅगनचा अधिकार वाढवण्यापेक्षा नोंदींच्या सॉफ्टवेअरचा कमी करता आला तर ते बरं.

७. आधी काय करायचं?

जुना संगणक चालू आहे तोवर त्यावरून तीन गोष्टी बाहेर काढाव्यात: जोडलेल्या शब्दांची यादी, ऑटोटेक्स्ट आणि आज्ञा, आणि सगळ्यात शेवटी अख्खं प्रोफाइल. पहिल्या दोन वेगळ्या फाइलींत निर्यात करता येतात आणि पुढे दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही देता येतात. नुसता प्रोफाइलचा फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाकला आणि निर्धास्त झालं, असं करू नये. दुसऱ्या आवृत्तीला तो उघडता येईलच असं नाही.

मग अॅक्टिव्हेशन. जुनी सॉफ्टवेअर बसवल्यावर कंपनीच्या सर्व्हरकडे परवानगी मागतात, आणि किती संगणकांवर मागता येईल याला मर्यादा असते. कंपनीची मालकी बदलत जाते, जुन्या आवृत्त्यांचा आधार संपतो, सर्व्हर कायम उत्तर देतीलच असं नाही. म्हणून सोय असल्यास जुन्या संगणकावरचं अॅक्टिव्हेशन आधी सोडवावं, पण नव्यावर परवानगी मिळून काम सुरू होईपर्यंत जुना संगणक पुसू नये.

काहीच जमलं नाही तर व्हर्च्युअल मशीन हा मार्ग आहे: नव्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा, जुन्या विंडोजचा संगणक. विंडोज प्रोमध्ये हायपर-व्ही असतं, व्हर्च्युअलबॉक्सही मिळतं. विंडोज ७च्या काळात खुद्द मायक्रोसॉफ्टनेच एक्सपी मोड म्हणून ही सोय दिली होती. पण रोजच्या डिक्टेशनसाठी मी हा मार्ग सुचवत नाही. आवाज दोन संगणकांतून वळसा घेऊन जातो, अधूनमधून तुटतो, आणि तुटलेला आवाज म्हणजे चुकीचा शब्द. शिवाय शब्द आतल्या संगणकात उमटतात, रुग्णाची नोंद बाहेरच्या. जुनं प्रोफाइल उघडून त्यातला माल निर्यात करण्यापुरता मात्र हा मार्ग उत्तम.

काही दवाखाने जुना संगणक फक्त डिक्टेशनसाठी तसाच ठेवतात. चालतं, पण तो इंटरनेटपासून आणि रुग्णालयाच्या नेटवर्कपासून तोडलेला असला तरच. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस पसरला, तेव्हा इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ पैकी किमान ८१ ट्रस्टना त्याची झळ बसली. लागण झालेले बहुतेक संगणक विंडोज ७चे होते, आणि दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध असूनही ती त्यांवर बसवलेली नव्हती. ज्या विंडोजला दुरुस्त्या येणंच थांबलंय, त्याला नेटवर्कवर ठेवणं रुग्णांच्या दृष्टीने घातक आहे.

८. चाललं म्हणजे बरोबर चाललं का?

शब्द उमटू लागले की सुटकेचा निःश्वास टाकला जातो आणि इथेच घात होतो. नवा मायक्रोफोन, नवं ध्वनिकार्ड, जुनी जुळणी, यामुळे चुकांचं प्रमाण शांतपणे वाढलेलं असू शकतं. ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात २०१८ साली अमेरिकेतल्या दोन आरोग्यसंस्थांमधल्या २१७ डिक्टेट केलेल्या टिपणांचा अभ्यास आला. सॉफ्टवेअरने लिहिलेल्या आणि कुणी न तपासलेल्या मजकुरात दर १०० शब्दांमागे ७.४ चुका होत्या. ट्रान्सक्रिप्शनिस्टने तपासल्यावर त्या ०.४वर आल्या, डॉक्टरांनी सही केलेल्या प्रतीत ०.३वर. ही सॉफ्टवेअर नव्या संगणकावर धडपडत नव्हती, रोजच्या वापरातली होती.

म्हणून चाचणी घ्यावी आणि ती नेमक्या जागी घ्यावी. जिथे चूक झाली तर रुग्णाला इजा होईल, असे शब्द घालून एक पानभर मजकूर तयार करा: हायपोटेन्शन आणि हायपरटेन्शन, लेफ्ट आणि राइट, फिफ्टीन आणि फिफ्टी मिलिग्रॅम, दोन्ही इलियम, आणि ‘नो एव्हिडन्स ऑफ’ने सुरू होणारी चार-पाच वाक्यं. त्यातला ‘नो’ गळला तर रिपोर्टचा अर्थ उलटतो. हे पान जुन्या संगणकावर आणि नव्यावर, रोजच्याच वेगाने वाचा. दोन्हीकडच्या चुका मोजा. नव्यावर त्या जुन्याइतक्या किंवा कमी असतील तर खुशाल काम सुरू करा. जास्त असतील तर जुनी जुळणी सोडून त्याच सॉफ्टवेअरमध्ये नवं प्रोफाइल बनवा, निर्यात केलेली शब्दांची यादी आणि ऑटोटेक्स्ट त्यात घाला आणि तेच पान पुन्हा वाचा. तरीही संख्या उतरली नाही, तर वर्गणीच्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती मागवून तिलाही हेच पान वाचून दाखवा. मगच पैशांचा विचार करा.